गाळलेली ‘परी’: जुन्या उताऱ्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द

बार्शीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्यांनी विचारले आहे: “ज्ञानेश्वरीतले आणि संतांच्या अभंगांतले उतारे संगणकात घालून कोणता शब्द किती वेळा येतो ते मोजले. सगळ्यांत वर ‘तें’, ‘जो’, ‘परी’, ‘जैसें’, ‘नोहे’ असले शब्द आले. मित्र म्हणाला, हे बिनकामाचे, यांची तयार यादी मिळते, ती लावून गाळून टाक. गाळल्यावर ‘देव’, ‘मन’, ‘सुख’ एवढेच उरले. यातून वर्गात काय शिकवू? आणि शब्द पुन्हा आला तो कवीने मुद्दाम आणला की ओघात आला, हे ओळखायचे कसे?”

आधी ते गाळलेले शब्द परत आणा. बातम्यांच्या ढिगाऱ्यातून विषय हुडकायचा असेल तेव्हा ‘पण’, ‘सगळे’, ‘नाही’, ‘तो’ हे शब्द अडचणीचे असतात. ते काढले की ‘पाऊस’, ‘ऊसदर’, ‘निवडणूक’ वर येतात आणि काम भागते. अभंगाचा विषय शोधायला मात्र संगणक कशाला हवा? तो न मोजताही आपल्याला ठाऊक असतो. विषय एकच असताना चोखोबांचा अभंग सावतोबांच्या अभंगासारखा का वाटत नाही, हे शोधायचे आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा तुम्ही गाळलेल्या बारक्या शब्दांतच सापडते.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. मंगळवेढ्याचे चोखोबा म्हणतात:

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥
कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥
नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें । काय भुललासी वरलिया रंगा ॥
चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥

डोंगा म्हणजे वाकडा, ‘परी’ म्हणजे ‘पण’, ‘नोहे’ म्हणजे ‘नाही’, कमान म्हणजे धनुष्य. (शहरातल्या मुलांना ऊस वाकडा कसा, असा प्रश्न पडतो. माळशिरसकडची मुले लगेच सांगतात, उभा ऊस सरळच असतो, वाऱ्याने लोळला की डोंगा होतो.) आता तुमच्या मित्राची यादी या अभंगाला लावून पाहा. ‘परी’ गेले, ‘नोहे’ गेले, ‘काय’ गेले. उरले काय? ‘ऊस डोंगा रस डोंगा’, ‘चोखा डोंगा भाव डोंगा’. चोखोबांनी जे नाकारले तेच यंत्राने त्यांच्या तोंडी घातले. शब्दांची गाळणी अर्थ उलटा करू शकते, हे वर्गात दाखवायला याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

वारंवारतेच्या यादीत ‘डोंगा’ पहिला येईल, सगळी रूपे धरून आठ वेळा. पण आठ हा आकडा काही बोलत नाही. प्रत्येक ओळीत तो दोनदा येतो, एकदा ‘परी’च्या अलीकडे होकारात आणि एकदा पलीकडे नकारात. शब्द तोच, पण मधल्या ‘परी’ने त्याची बाजू बदलते. हे चार वेळा घडते, आणि पहिले तीन वेळा बाहेरच्या वस्तूंबद्दल: ऊस, कमान, नदी. कान या साच्याला सरावतो आणि मग चौथ्या जागी ‘चोखा’ येतो. एरवी अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते ते बोलणारा म्हणून, ‘चोखा म्हणे’. इथे ‘म्हणे’ नाही. नाव उसाच्या, कमानीच्या, नदीच्या रांगेत जाऊन बसले आहे. ज्या समाजाने या माणसाला वरच्या रंगावरून पारखले, त्या समाजाला तीन निरुपद्रवी उदाहरणांवर मान डोलवायला लावून चौथे पुढे ठेवले आहे. आणि चारही वेळा तोच प्रश्न, ‘काय भुललासी’. शब्द बदलत नाहीत, पण पहिल्या ओळीत तो उपदेश वाटतो आणि चौथ्या ओळीत जाब. पुनरावृत्ती वाचताना मी एवढेच पाहते: शब्द तोच राहिला, तर त्याच्या भोवतीचे काय बदलले?

‘परी’ एकदा दिसू लागली की सोडत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ती प्रसिद्ध ओवी, ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजासीं जिंके’. दुसऱ्या अध्यायातली, ‘जैसी दीपकळिका धाकुटी । परि बहु तेजातें प्रगटी’. दोन्हींत ‘परि’च्या अलीकडे दिसायला लहान असलेली गोष्ट आणि पलीकडे तिचे खरे मोठेपण. चोखोबांच्या ‘परी’ची चालही तीच. म्हणून चोखोबांनी ती ज्ञानदेवांकडून घेतली असे मी म्हणणार नाही. वाद घालणाऱ्या कोणालाही ती लागतेच. पण वरचे आणि आतले यांत फरक करणाऱ्या विचाराला ‘परी’ किती सोयीची, हे तीन ओळी शेजारी लिहिल्या की मुलांना आपोआप कळते. पुढे आधुनिक काळात हरिभाऊ आपट्यांनी तर कादंबरीचे नावच ‘पण’ने सुरू केले, ‘पण लक्षांत कोण घेतो?’. तुमची यादी तेही गाळेल.

‘जो’ आणि ‘तो’ यांचीही तीच गत. पसायदानातला ‘जो जें वांछील तो तें लाहो’ हा चरण घ्या. सहा शब्दांपैकी चार सर्वनामे. गाळून उरते ‘वांछील लाहो’. म्हणजे कोण आणि काय, ही दोन्ही दारे उघडी ठेवणारी जी अमर्याद सूट ज्ञानदेवांनी मागितली आहे, तीच नाहीशी. तुकोबांच्या ‘जे का रंजले गांजले’ या अभंगात साधूचे लक्षण सांगताना जी जोडी पुन्हा पुन्हा येते ती हीच: ‘जे का’ आणि ‘त्यासि’, ‘ज्यासी’ आणि ‘त्यासी’, ‘दया करणें जें’ आणि ‘तेचि’. अभंगाचा सांगाडाच जो-तोचा आहे. शिवाय त्याला एक ‘चि’ चिकटलेला. तोचि साधु, देव तेथेचि, तेचि दासा आणि दासी. हा ‘चि’ यंत्राला दिसतच नाही, कारण तो सुटा शब्द नाही. पण ‘साधु तो ओळखावा’ आणि ‘तोचि साधु ओळखावा’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात एक लक्षण सांगितले, दुसऱ्यात बाकीचे सगळे साधू बाद केले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मुद्दाम की ओघात. कवीच्या मनात शिरण्याचा नाद सोडा. त्याऐवजी पाहा, ही पुनरावृत्ती रचनेच्या प्रकाराने मागितलेली आहे का? असेल तर ती आधी वजा करा. तुकोबांच्या गाथेत चार हजारांवर अभंग आणि बहुतेकांच्या शेवटी ‘तुका म्हणे’. त्यावरून ‘म्हणे’ हा तुकोबांचा लाडका शब्द असे कोणी लिहिले तर हसू येईल. ती नाममुद्रा आहे, रचनेखालची सही. आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या कन्नड वचनांत ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रा अशीच वचनामागून वचनात येते. चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या लीळाचरित्रात ‘सर्वज्ञें म्हणितलें’ (सर्वज्ञ म्हणजे चक्रधरच) हे पानोपानी, कारण आठवणी सांगणाऱ्याची ती रीत. मनाच्या श्लोकांत ओळीने कित्येक श्लोक ‘नुपेक्षी कदा रामदासाभिमानी’ने संपतात, पुढे कित्येक ‘जगी धन्य तो दास सर्वोत्तमाचा’ने. हे पाठ करणाऱ्याच्या सोयीचे आहे आणि श्लोकांचे गट पाडणारेही. ज्ञानेश्वरीतले ‘जैसें-तैसें’ही बरेचसे याच खात्यात जमा करावे. गहन गोष्ट दृष्टान्ताने उलगडायची तर ते येणारच.

पण वजा करून झाल्यावर उरते ते नीट पाहा. ‘रंजले गांजले’मध्ये ‘म्हणे’ दोनदा येतो. शेवटचा मुद्रेतला, ‘तुका म्हणे सांगूं किती’. पहिला मात्र ‘त्यासि म्हणे जो आपुलें’. हा बोलण्याचा ‘म्हणे’ नाही, आपले मानण्याचा आहे. मुद्रेतला काढला तरच दुसरा उठून दिसतो.

ज्या उताऱ्यावर मी वर्षानुवर्षे वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवला तो पसायदान. सगळ्यांना पाठ असते आणि म्हणूनच कोणी वाचत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये पूर्ण झाली, तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडच्या या नऊ ओव्या. यांवर वारंवारतेचे यंत्र चालवले तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. ‘भूतां’ दोनदा, ‘लोकीं’ दोनदा, ‘जे’ काही वेळा. आता यंत्र बाजूला ठेवून फक्त क्रियापदांखाली रेघ मारा.

पहिल्या ओवीत ‘तोषावें’, ‘द्यावें’. दुसरीत ‘सांडो’, ‘वाढो’, ‘जडो’. तिसरीत ‘जावो’, ‘पाहो’, ‘लाहो’. चौथीत एकच, ‘भेटतु’. पाचवीत मागणे नाहीच, तिथे सज्जनांचे वर्णन. सहावीत ‘होतु’, सातवीत ‘भजिजो’, आठवीत ‘होआवें’. शब्द एकही पुन्हा आलेला नाही, पण मागण्याचे रूप सतत येते. तुम्ही म्हणाल, ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक लागते, त्यामुळे ‘ओ’कार आला. बरोबर, तेवढे वजा करा. तरी एक गोष्ट उरते: मागणी सुरुवातीला दाट आहे, तीन आणि तीन, मग विरळ होत जाते. आधी वाईटाने जावे, अंधाराने हटावे, ही घाई. नंतर सज्जन भेटोत, सोयरे होवोत, हा निवांतपणा.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘होणे’ या एका क्रियापदाचा प्रवास. सहाव्या ओवीत ‘सोयरे होतु’. सातवीत ‘पूर्ण होऊनि’. आठवीत ‘दृष्टादृष्टविजयें । होआवें जी’. नववीत ‘हा होईल दानपसावो’. आणि अगदी शेवटी ‘सुखिया झाला’. होवोत, होऊन, व्हावे, होईल, झाला. मागण्यातून वचन आणि वचनातून घडून गेलेली गोष्ट. चार ओव्यांत एक धातू सगळा टप्पा चालून गेला. यंत्र हे पाच वेगवेगळे शब्द म्हणून मोजते, आणि ‘झाला’ तर त्याच कुळातला आहे हे त्याला सांगितल्याशिवाय कळणारच नाही. वर्गात मला एक गंमत दिसत आली आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी मुले हे चटकन पकडतात. मराठी ज्यांच्या तोंडात रुळलेली असते त्यांना ‘होतो’चा भूतकाळ ‘झाला’ का, हा प्रश्नच कधी पडलेला नसतो.

आणखी एक जोडी पाहा. पहिल्या ओवीच्या शेवटी ‘पसायदान हें’. नवव्या ओवीत ‘हा होईल दानपसावो’. मागताना पसाय (म्हणजे प्रसाद) आधी, देताना दान आधी. तोच समास उलटा होऊन परत आला. पहिल्या ओवीत ‘मज द्यावें’ असे एकदाच स्वतःचे नाव घेतले, पुढे ‘मज’ पुन्हा नाही. खळ, भूते, प्राणिजात, ईश्वरनिष्ठ, ग्रंथ वाचणारे, सगळे आले. मागणारा परत दिसतो तो थेट शेवटच्या चरणात, आणि तोही ‘मी’ म्हणून नाही, ‘ज्ञानदेवो’ म्हणून. एखादा शब्द पुन्हा न येणे हीसुद्धा पुनरावृत्तीच्या अभ्यासाचीच बाब आहे, आणि हीच कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

पाचव्या ओवीत एक खड्डा आहे, तो मुलांना आधीच दाखवा. ‘चला कल्पतरूंचे अरव’ मधला ‘चला’ आपला ‘चला, निघू या’ नव्हे. चालती-फिरती कल्पतरूंची वने, असा अर्थ. तो एकदा लागला की तीन चरणांची वीण दिसते: वने पण चालणारी, चिंतामणींचा गाव पण सचेतन, अमृताचे समुद्र पण बोलणारे. इथे शब्द सारखा नाही, ध्वनी सारखा नाही, फक्त कल्पना करण्याची पद्धत सारखी आहे.

हीच ‘ओ’कारान्त मागणी पुढे मोरोपंतांच्या केकावलीत येते, तेव्हा काय होते तेही दाखवण्यासारखे आहे. ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो, कलंक मतिचा झडो’ आणि पुढे नावडो, दडो, अडो, रडो, शेवटी ‘मन भवच्चरित्रीं जडो’. एका श्लोकात आठ. पसायदानातला ‘जडो’ इथेही आहे. पण तिथे भूतांचे मैत्र एकमेकांशी जडायचे होते, इथे कवीचे मन देवाच्या चरित्राशी. घडो-पडो-झडो ही मागणी स्वतःपुरती. यात उणे काही नाही, प्रार्थनेची जात वेगळी. फक्त ‘दोन्हींत आशीर्वादार्थी रूपे आहेत’ एवढे लिहून मुले थांबतात, त्यांना विचारा, कोणासाठी?

मोरोपंतांवरून आपल्या गावच्या राम जोश्याकडे जाऊ. पेशवाईतला सोलापूरचा हा शाहीर, मोरोपंतांच्या काव्याची छाप त्याच्यावर उघड दिसते. त्याची उपदेशपर लावणी आहे:

हटातटानें पटा रंगवुनि जटा धरिसि कां शिरीं । मठाची उठाठेव कां तरी ॥

यातला शब्द अन् शब्द मोजा. ‘कां’ सोडून प्रत्येक शब्द एकदाच. वारंवारतेच्या हिशेबात या ओळीत काही नाही. आता मोठ्याने म्हणा: हटा, तटा, पटा, जटा, मठा, उठा. पुनरावृत्ती शब्दाची नाही, ‘टा-ठा’ या ठोक्याची. ढोंगी साधूची वस्त्रे, जटा, मठ यांचे वजन सारखेच करून टाकले आहे, एकाच आवाजाचे. ‘उठाठेव’ हा घरगुती, थोडा तुच्छतेचा शब्द मुद्दाम शेवटी. तो त्याच ठोक्यात बसल्यामुळे मागचे मठ आणि जटाही उठाठेवीच्या पातळीवर येतात. म्हणून माझा आग्रह: उतारा मोजण्याआधी दोनदा मोठ्याने वाचून घ्या. वर्गात हसतील, हसू द्या. लावणी काय, ओवी काय, हे सगळे कानासाठी रचलेले आहे.

आता ‘अवघा’. हाही त्या गाळायच्या यादीत ‘सर्व’, ‘सगळे’ यांच्याबरोबर असतो. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी:

कांदा मुळा भाजी । अवघी विठाबाई माझी ॥
लसूण मिरची कोथिंबिरी । अवघा झाला माझा हरी ॥
मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी ॥

साचा स्पष्ट आहे. आधी मळ्यातल्या वस्तूंची यादी, मग ‘अवघी’ किंवा ‘अवघा’, मग देव. वस्तू वेगवेगळ्या, देवाचे नाव वेगळे, एकदा बाई, एकदा हरी, एकदा गाव, आणि त्याप्रमाणे ‘अवघा’ लिंग बदलत जातो. जागेवर राहणारा हा एकच शब्द, आणि दोन बाजू जोडण्याचे काम तोच करतो. भाजीसारखा देव असे सावतोबा म्हणत नाहीत. ‘जैसें-तैसें’ इथे औषधालाही नाही. ज्ञानदेव जिथे दृष्टान्त देतील तिथे सावतोबा ‘अवघी’ म्हणून मोकळे होतात. तुमच्या तक्त्यात ज्ञानेश्वरीत ‘जैसें’ वर आणि सावतोबांकडे शून्य, असे दिसले असेल. तो शून्य या अभंगाची सगळ्यांत मोठी खूण आहे.

या अभंगात आणखी एक मजा. सावतोबा तेराव्या शतकातले. मिरची हिंदुस्थानात आली ती पोर्तुगीजांच्या मागून, सोळाव्या शतकात. मग तेराव्या शतकातल्या मळ्यात मिरची कुठून? बहुधा गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातली भाजी ओळीत घातली. म्हणजे यादीतला माल पिढ्यांनी बदलला असेल, पण ‘अवघा’चा सांगाडा हलला नाही. तोंडी परंपरेत पुन्हा येणारा शब्द हा खुंटा असतो, गाणारा त्याला धरून मधले सोडवतो. म्हणून जुन्या रचनेत एकदाच आलेल्या वस्तुवाचक शब्दावर काळनिर्णयाचे इमले बांधू नयेत.

आणि ‘अवघा’ म्हटले की सोयराबाई. ‘अवघा रंग एक झाला । रंगीं रंगला श्रीरंग ॥’ एका ओळीत रंग चार वेळा, आणि चारही वेळा वेगळ्या कामावर: एकदा कर्ता, एकदा ज्यात रंगायचे ते, एकदा क्रियापद, एकदा देवाचे नाव. ज्याला रंगवायचे, जो रंगवतो आणि ज्यात रंगवायचे, ते तिन्ही एकाच शब्दातून निघतात, त्यामुळे पुढच्या ओळीतले ‘मी तूंपण गेलें वाया’ हे विधान करायच्या आधीच घडून गेलेले असते. सोयराबाई चोखोबांची पत्नी. एकाच घरातून एक आवाज विचारतो, वरल्या रंगाला काय भुललास, आणि दुसरा सांगतो, सगळा रंग एक झाला. एकाने दुसऱ्याला उत्तर दिले असा पुरावा यातून निघत नाही, ‘रंग’ भक्तिकाव्यात सगळीकडे आहे. पण दोन्ही अभंग एका तासाला शेजारी शेजारी शिकवायला कोणाची हरकत असू नये.

संगणक टाकून द्या असे मी म्हणत नाही. मोठ्या ग्रंथात एखादा शब्द कुठे कुठे आहे ते शोधायला त्याच्यासारखा मदतनीस नाही. फक्त त्याला द्यायचा मजकूर नीट करून द्या. ‘तें’ आणि ‘ते’ त्याला दोन शब्द वाटतात. ‘जाला’, ‘जाहला’, ‘झाला’ तीन. अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकता येतो, डोळ्याला ‘वाऱ्या’ सारखाच दिसतो, पण आत अक्षरांची साखळी वेगळी, मोजणी दोन ठिकाणी फुटते. पान स्कॅन करून काढलेल्या मजकुरात अनुस्वार गळलेले असतात आणि दंडाच्या जागी एक किंवा काना घुसलेला असतो. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, म्हणून ‘देव’, ‘देवें’, ‘देवासी’ हे हाताने एका कुळात लावावे लागते. उतारा शे-दोनशे ओळींचा असेल तर सरळ कागदावर करा. लवकर होते आणि करता करता अर्थ लागतो.

प्रत कोणती घेतली ते मात्र वर लिहून ठेवा. ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुन्या पोथीवरून वेगळ्या वळणाची भाषा छापली, शिवाय बाजारातल्या पारायणाच्या प्रती वेगळ्याच. शब्दाच्या रूपावर काही म्हणायचे असेल तर सोलापूरच्या हिराचंद नेमचंदसारख्या जुन्या वाचनालयात बसून निदान दोन प्रती समोर ठेवाव्यात. दोन्हींत टिकणारी पुनरावृत्ती असेल तरच त्यावर वाक्य लिहा.

मुलांच्या हाती पहिला उतारा मात्र जुन्या भाषेचा देऊ नका, अर्ध्या तासाचा वेळ शब्दार्थांतच जातो. बालकवींची ‘औदुंबर’ द्या. आठ ओळी आहेत, सगळी फळ्यावर मावते. रंग शोधायला सांगा. हिरवाळी, हिरवी, हिरव्या असे तीनदा येते. मग काळ्या, काळिमा असे दोनदा. निळासांवळा आणि पांढरी एकेकदा. एवढे सगळ्यांना जमते. मग विचारा, हिरवा कुठे संपतो आणि काळा कुठे सुरू होतो? ते एकाच ओळीत घडते: ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे’. दोन रंगांच्या मध्ये ‘चालली’. आता विचारा, कोण चालली? उत्तर आदल्या ओळीत आहे, पांढरी पायवाट. एवढे झाले की ‘पैल’ शोधायला लावा. पहिल्या ओळीत ‘ऐल’ आणि ‘पैल’ दोन्ही आहेत, तिसऱ्या ओळीत फक्त ‘पैल’, आणि ‘ऐल’ पुढे कुठेच नाही. का, हे त्यांना घरून लिहून आणू द्या. माझ्या वर्गात याची निदान तीन वेगळी उत्तरे यायची आणि तिन्ही ओळींच्या आधाराने मांडता येत.